थोरली भेग

फाटलेलं पॅनल हातात आलं की नाना आधी एकच विचारायचे, "यातली पहिली कुठली?" रंग कोणत्या बॅचचा, मारला कधी, मारला कोणी, हे सगळं नंतर. ते पॅनल घेऊन खिडकीशी जायचे, उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल असं तिरकं धरायचे आणि डोळ्याला भिंग लावायचे. पितळेचं घडीचं भिंग, कापड गिरणीत इंचातले धागे मोजायला वापरतात ते. ते त्यांच्या भावाचं होतं. १९८२ च्या संपात भावाची गिरणीतली नोकरी गेली, भिंग तेवढं घरात उरलं आणि नानांच्या खिशात आलं.

मी १९८६ साली बी.एस्सी. होऊन ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. नाना तिथे चाचणीची पॅनलं रंगवायचे. पन्नाशीला आलेला, संगमेश्वरकडचा, बारीक अंगाचा माणूस; नखांच्या कडेला झिंकचा करडा रंग कायमचा बसलेला. कारखान्यात सगळेच त्यांना नाना म्हणत. मला ते पहिल्या आठवड्यापासून 'बाय' म्हणायला लागले, रत्नागिरीकडे लेकीबाळींना म्हणतात तसं. प्रयोगशाळेत मी एकटीच मुलगी होते, आणि त्या एका हाकेनं माझं तिथलं बसणं-उठणं किती सोपं केलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे.

"हे बघ बाय," त्यांनी पहिल्यांदा भिंग माझ्या हातात दिलं तेव्हा ते म्हणाले. "ही या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली, वाटेत कुणाला जुमानलं नाही तिनं. ही थोरली. ही दुसरी तिच्यापर्यंत आली आणि अडली, कारण थोरली तेव्हा आधीच उघडी झालेली. ही धाकटी. आता त्या दोघींच्या मधली बारकी बघ, दोन्हीकडे अडलेली. ती सगळ्यांत मागून आलेली."

तोवर मला जे नुसतं जाळं दिसत होतं ते क्रमानं दिसायला लागलं. जवळजवळ प्रत्येक जोडावर एक भेग सरळ पुढे गेलेली आणि दुसरी येऊन तिला मिळालेली, मिळतानाचा कोन काटकोनाच्या आसपास. काही धाकट्या तर तिरक्या येत होत्या आणि थोरलीच्या अगदी जवळ आल्यावर वळून तिला काटकोनात भिडत होत्या. रंग वाळताना आधी काय घडलं आणि मागाहून काय, याची पूर्ण नोंद त्या तळहाताएवढ्या पत्र्यावर होती.

काटकोन का, तेही नंतर समजलं. वाळणारा थर चहूबाजूंनी ताणलेला असतो. एक भेग उघडली की तिला आडवा असलेला ताण तिच्या काठावर सैल पडतो. तिच्या लांबीच्या दिशेनं असलेला ताण मात्र तसाच राहतो. नवी भेग नेहमी सर्वांत मोठ्या ताणाला आडवी उघडते. म्हणून ती जुन्या भेगेजवळ येता येता वळते आणि तिला काटकोनात मिळते. आणि पुढे जाऊ शकत नाही, कारण पुढे फाडायला काही शिल्लकच नसतं, मध्ये फट आहे. पॅरिसमधल्या एकोल नॉर्माल सुपेरिअरचे स्टेफेन बोन, इव्ह कूदेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नेमक्या याच गोष्टीवर निबंध प्रसिद्ध केले: भेगांचं जाळं म्हणजे एका मोठ्या तुकड्याची ओळीनं होत गेलेली वाटणी, प्रत्येक नवी भेग एका तुकड्याचे दोन करते, आणि असं करत गेलं की तुकड्यांना सरासरी चार बाजू येतात. ते निबंध वाचताना माझ्या कानात नानांचाच आवाज होता. हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. जोडावरून वय काढायची त्यांची रीत आणि त्या निबंधांतली रीत एकच होती. फरक होता तो पुढे: निबंधांना गणित होतं, आणि नानांकडे वीस-पंचवीस वर्षांची पॅनलं.

आमचा मुख्य माल म्हणजे झिंक सिलिकेट प्रायमर. पोलादावरचा पहिला थर. एका डब्यात इथाइल सिलिकेटचा द्रव, दुसऱ्यात झिंकची बारीक पूड. मिसळायचं आणि संपेपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर पूड तळाला बसते. हा थर पोलादासाठी स्वतः गंजतो, आत पोलाद शाबूत राहतं. ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉर्गन ते वायाला अशी पाण्याची मोठी नळवाहिनी टाकली, तिला या जातीचा लेप दिला होता, आणि त्या लेपाच्या टिकाऊपणावरच या रंगाचं नाव जगभर झालं. आमच्या मालाचं एकच दुखणं: जाड झाला की फाटतो. ७५ मायक्रॉनला छान. सव्वाशे-दीडशेच्या पुढे गेलात की वाळता वाळता भेगा पडायला लागतात, आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा. धंद्यात त्याला मड-क्रॅकिंगच म्हणतात. ७५ मायक्रॉन म्हणजे साधारण माणसाच्या केसाची जाडी. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ.

भेगा वाचता येणं म्हणजे काय, ते मी उरणकडच्या एका कामावर पाहिलं. साठवणीच्या टाकीच्या आत प्रायमर मारला होता आणि तो फाटला होता. ठेकेदाराचं म्हणणं, माल खराब. आमच्या लोकांचं म्हणणं, मारणाऱ्यांनी घाई केली. दोन्ही बाजूंचं एकमत एवढ्यावरच होत होतं की स्प्रे मारणाऱ्या पोरांची मजुरी अडवून ठेवायची. नानांना आणि मला नमुने आणायला पाठवलं होतं. नाना आत शिरले, बॅटरी भिंतीला टेकवून आडवा झोत टाकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावलं. सपाट पत्र्यावर काहीच नव्हतं. भेगा होत्या त्या आतल्या कोपऱ्यांत, पट्ट्या जिथे भिंतीला वेल्ड केलेल्या तिथे. प्रत्येक कोपऱ्यात थोरली भेग वेल्डच्या कडेनं धावत होती आणि धाकट्या तिच्यापासून निघाल्यासारख्या दोन्ही बाजूंना. पंजाएवढ्या अंतरावर त्या संपत होत्या. चुंबकी गेज लावलं. सपाट पत्र्यावर ७० ते ८०, कोपऱ्यात २०० च्या वर. पट्टीच्या बाजूनं एक हात, भिंतीच्या बाजूनं एक हात, आणि कोपऱ्यावर दोन्ही हातांचा माल. माल चांगला होता आणि पोरांनीही सांगितलं तसंच मारलं होतं. कोपऱ्यासाठी वेगळं सांगायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

नानांनी खिशातून नाणं काढून सपाट भागावर घासलं. थर चकाकला. कच्चा असता तर पूड निघाली असती. "इथला पिकलाय," ते म्हणाले. "फक्त कोपरे काढा आणि पुन्हा मारा." संध्याकाळी अहवाल मी लिहिला, वाक्यं त्यांची होती. पोरांची मजुरी सुटली. परतीच्या गाडीत नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाय, जाड झाला की फाटतो हे मला तीस माणसांनी सांगितलं. का फाटतो हे एकानंही सांगितलं नाही. जाड म्हणजे जास्त माल. जास्त माल जास्त मजबूत असायला नको का? तुला वाचता येतं. वाच आणि मला सांग."

माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणाचं मूळ या वाक्यात आहे. मी संध्याकाळचा रंगतंत्राचा अभ्यासक्रम घेतला तो यासाठी. घरून विरोध नव्हता, पण पैसे आणि वेळ दोन्ही नव्हते. पाचच्या सुमारास निघाले तरच वर्ग गाठता येई आणि पॅनलं रंगवून, ओल्या थराची जाडी कंगव्यासारख्या दातेरी गेजनं मोजून, दर तासाला नोंद करायचं काम तर सातपर्यंत चाले. ते काम नानांनी आपल्या अंगावर घेतलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. सकाळी माझ्या टेबलावर नोंदवही उघडी असायची, त्यांच्या गोल, शाळकरी अक्षरात तासातासाचे आकडे, आणि फाटलेल्या पॅनलाच्या शेजारी पेन्सिलनं काढलेलं छोटं चित्र: थोरली जाड रेघेनं, बाकीच्या बारीक. ओव्हरटाइम त्यांनी कधी लावला नाही. फीच्या दुसऱ्या हप्त्याच्या वेळी माझी ओढाताण त्यांच्या लक्षात आली तेव्हा एका पाकिटात पैसे घालून ते नोंदवहीत ठेवले होते. पुढे मी ते परत केले. पैसे परत करता येतात.

त्या नोंदवह्यांत अशा गोष्टी होत्या ज्या मला कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हत्या. कारखान्यात सगळ्यांचा ठाम समज होता की भेगा पडतात त्या भराभर वाळवल्यामुळे. हळू वाळू द्या, फाटणार नाही. नानांनी सारख्या जाडीची पॅनलं केली, काही पंख्याखाली ठेवली, काही ओल्या गोणपाटाखाली. पातळ दोन्हीकडे शाबूत, जाड दोन्हीकडे फाटलेली. खाली त्यांनी लिहिलं होतं: 'गोणपाटाने उशीर होतो. फाटणे टळत नाही.' १९९३ साली एमआयटीतल्या चिऊ, गॅरिनो आणि सिमा यांनी अल्युमिनाच्या कणांच्या थरांवर काम करून हेच दाखवलं: ज्या जाडीच्या पुढे थर फाटतो ती जाडी वाळण्याच्या वेगावर अवलंबून राहत नाही. आमच्या प्रायमरचं वाळणं दुपदरी असतं, आधी द्रावक उडतो, मग हवेतल्या बाष्पानं सिलिकेट घट्ट होत जातं, त्यामुळे अल्युमिनाचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण नोंदवहीतल्या त्या ओळीचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

नाना १९९४ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. जाताना भिंग मला दिलं. दिवाळीला पत्र यायचं, नंतर फोन. प्रत्येक वेळी निरोप घेताना विचारायचे, "सापडलं का गं?" मी अर्धवट उत्तरं द्यायची. आक्रसण्याचा ताण येतो, हे सांगायची. "तो पातळाला पण येतो ना?" ते विचारायचे. बरोबर होतं. पातळ थरालाही तोच ताण असतो. म्हणून तर प्रश्न अवघड होता.

पूर्ण उत्तर माझ्या हाती आलं ते खाडीपलीकडून, पवईच्या आयआयटीतून. तिथले महेश तिरुमकुडुलू यांनी प्रिन्स्टनच्या विल्यम रसेल यांच्यासह २००५ साली वाळणाऱ्या लेटेक्स थरांच्या भेगांवर लिहिलं होतं आणि २००७ मध्ये करनैल सिंग आणि तिरुमकुडुलू यांचा निबंध आला: थर न फाटता जास्तीत जास्त किती जाड राहू शकतो, आणि ती मर्यादा कणांचा आकार, त्यांचा कडकपणा आणि ते किती दाटीनं बसलेत यांवर कशी ठरते. मी तो छापून घेतला, समासात मराठीत लिहीत लिहीत वाचला, आणि प्रयोगशाळेतली दोन पॅनलं पिशवीत घालून संगमेश्वरला गेले.

नाना सत्तरी ओलांडलेले. ओटीवर बसून आम्ही बोललो. आधी मी त्यांना ताण कुठून येतो ते सांगितलं. पाणी उडत जातं तसे कण जवळ येतात आणि एकमेकांना टेकतात. मग पाण्याची पातळी कणांच्या वर राहत नाही, कणांच्या मधल्या फटींत शिरते आणि प्रत्येक फटीत पाण्याचा पृष्ठ आत वाकतो. वाकलेला पृष्ठ आतल्या पाण्याला ओढून धरतो. फट जितकी बारीक, ओढ तितकी जबर. फटीची त्रिज्या २० नॅनोमीटर असेल तर ही ओढ वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ७० पट भरते.

"सत्तर?" नानांनी हात वर केला. "एवढ्याशा पाण्याची?"

"एवढ्याशा पाण्याची. त्या ओढीनं थराला आक्रसायचं असतं. जाडीत आक्रसायला मोकळीक आहे. लांबी-रुंदीत नाही, खाली पत्रा धरून बसलाय. म्हणून थर ताणलेला राहतो."

"पातळ पण ताणलेला, जाड पण ताणलेला."

"हो. आता भेग पडायची तर दोन गोष्टी बघायच्या. भेग पाडायला किती ऊर्जा लागते, आणि भेग पडल्यावर ताण सुटून किती ऊर्जा मोकळी होते. फाडायचा कागद दुप्पट जाड, तर लागणारी ऊर्जा दुप्पट. आता मोकळी होणारी बघा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा सैल पडतो. तो पट्टा किती रुंद? थराच्या जाडीच्या काही पट. म्हणजे जाडी दुप्पट केली की सैल पडणारा पट्टा दुप्पट रुंद होतो, आणि तो दुप्पट जाड तर आहेच. मोकळी होणारी ऊर्जा चौपट."

नाना बराच वेळ ओटीच्या कडेवर बोटानं काहीतरी काढत राहिले. मग म्हणाले, "लागायचं दुप्पट आणि मिळायचं चौपट. म्हणजे कुठेतरी ते एकमेकांना गाठणार."

"तीच ती जाडी. तिच्या अलीकडे भेगेला पुढे सरकायला पुरेशी ऊर्जाच मिळत नाही."

हा हिशेब मुळात ए. ए. ग्रिफिथ यांचा. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात काम करताना १९२१ मध्ये त्यांनी काच का फुटते यावर निबंध लिहिला, त्यात तो आहे. कणांच्या ओल्या थराला तो लावायचा तर ताण किती वाढू शकतो याची कमाल मर्यादा कळायला हवी, कारण ओढ एका प्रमाणाबाहेर गेली की हवा फटींत घुसते आणि ओढ संपते. पवईच्या निबंधानं हे सगळं एका सूत्रात बसवलं. मोठे कण घेतले की फटी मोठ्या, ओढ कमी, थर जाड चालतो. कण बारीक झाले की मर्यादा खाली येते. रंगाऱ्यांची जुनी रीत, एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात, हिच्यामागेही हाच हिशेब आहे. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॅनोकणांचे थर मर्यादेच्या आत ठेवून एकावर एक चढवले आणि न फाटलेला जाड थर मिळवला.

नानांनी माझ्या पिशवीतलं पातळ पॅनल मांडीवर घेतलं आणि खिळा मागवला. "तू म्हणतेस अलीकडे भेग पुढे जात नाही. मग ओरखडा काढला तरी जाणार नाही." त्यांनी खिळ्यानं आडवी रेघ ओढली. मी भिंग पुढे केलं. रेघेच्या टोकांना त्यांनी निरखून पाहिलं. काही नव्हतं. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी मान हलवली. "ही परीक्षा नव्हे. हा पिकून महिना झाला असेल. तुझी ती ओढ ओल्यात असते ना? ओला असताना, नेमका वाळायच्या बेताला ओरखडला पाहिजे. तेव्हा पुढे गेला नाही तर खरं."

मी परत येऊन तसंच केलं. थर मळकट होऊन त्यावरचं ओलं तेज गेलं की लगेच सुई ओढायची. पातळ पॅनलावर ओरखडा ओरखडाच राहिला. जाडावर सुईच्या टोकापासून भेग निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत कडेपर्यंत गेली. फोनवर सांगितलं तेव्हा नानांनी पलीकडून घरातल्या सगळ्यांना हाक मारून ते पुन्हा मला सांगायला लावलं.

त्याच ओटीवर, त्याच दिवशी, त्यांनी मला दुसरा प्रश्न दिला. मी निघायच्या तयारीत होते. "एक राहिलंय," ते म्हणाले. "व्हायटिंगचे ट्रे आठवतात?" व्हायटिंग म्हणजे खडूची पूड, कॅल्शियम कार्बोनेट, स्वस्त रंगात भर म्हणून घालतात. तिचा पाण्यातला लगदा ट्रेमध्ये ओतून वाळवून तपासायचा असे. काही ट्रे ओतले तिथेच राहत, काही हातगाडीवरून मागच्या शेडमध्ये जात. शेडपर्यंतची फरशी खडबडीत. "गाडीवरून गेलेल्या ट्रेला भेगा सगळ्या एका दिशेला पडायच्या. गाडी जशी जायची, तिला आडव्या. न हललेल्या ट्रेला कशाही. आणि लगदा पातळ झाला असला तर गाडीवरचा ट्रे पण कसाही फाटायचा. मी बरेच दिवस बघितलं होतं. पण कोणाला सांगणार? म्हणतील, नानाला ट्रेमध्ये रस्ते दिसायला लागले." मी तेव्हा प्रामाणिकपणे म्हटलं, शोधते.

नाना गेले. उत्तर मला नंतर मिळालं, २०१५ साली आलेल्या वाळण्याच्या भेगांवरच्या एका ग्रंथात. त्याचे लेखक पाच: लुकास गोरिंग, अकिओ नाकाहारा, तपती दत्त, सो कित्सुनेझाकी आणि सुजाता तरफदार, त्यांतल्या दोघी कोलकात्यात काम करणाऱ्या. नाकाहारा आणि योसुके मात्सुओ यांनी जपानच्या निहोन विद्यापीठात कॅल्शियम कार्बोनेटचाच लगदा घेतला, म्हणजे आमचा व्हायटिंग. ताटलीत ओतल्या ओतल्या ती थोडा वेळ आडवी, मागेपुढे हलवली आणि मग न हलवता वाळू दिली. वाळायला दिवस लागले. भेगा पडल्या त्या हलवण्याच्या दिशेला काटकोनात, एकमेकींना समांतर. हलवणं केव्हाच थांबलेलं, तरी लगद्यानं दिशा धरून ठेवलेली. कारण लगदा घट्ट असला की कणांची एक नाजूक रचना उभी राहते. पुरेशा जोरानं हलवलं की ती एका दिशेनं दबते आणि तशीच अडकून बसते. वाळताना ताण आला की तिथूनच ती सुटते. पाणी जास्त झालं तर अशी रचनाच उभी राहत नाही, मग धरून काय ठेवणार? पातळ ट्रे कसाही फाटायचा तो यामुळे. त्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले होते. नानांनी मला विचारलं तेव्हा उत्तर जगात होतं, माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. याची रुखरुख मला आहे आणि राहील.

त्याच काळात बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या जी. यू. कुलकर्णी यांच्या गटाचं काम वाचलं. ते थर मुद्दाम फाटू देतात, भेगांत धातू बसवतात आणि मग थर धुऊन टाकतात. काचेवर डोळ्याला न दिसणारी धातूची जाळी उरते, जिच्यातून उजेडही जातो आणि वीजही. ज्या गोष्टीला टाळण्यात नानांचं आयुष्य गेलं तिला कोणी हवीहवीशी म्हणून जोपासतंय, हे त्यांना सांगायला मला फार आवडलं असतं. त्यांनी नक्की विचारलं असतं, जाळीतल्या थोरल्या भेगेतली तार जाड होते का. मला खात्री आहे, कारण वाचताना मला तोच प्रश्न पडला आणि तो मला त्यांनीच लावलेला आहे.

नोंदवह्या माझ्याकडे आहेत. कारखाना बंद होताना त्या रद्दीत जाणार होत्या, मी मागून घेतल्या. रंगाच्या तपासनिसांचे वर्ग घेते तेव्हा स्लाइडच्या आधी त्यांतलं एक पान दाखवते, पेन्सिलच्या चित्राचं, आणि ते कुणाचं आहे ते नावानिशी सांगते. व्हायटिंगच्या ट्रेची नोंद मात्र त्या वह्यांत नाही. ती त्यांनी फक्त मला सांगितली होती, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचा फोन आला. नववीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काहीतरी करायचंय, आजोबांचं असं काही आहे का, आत्या? मी तिला ट्रेची गोष्ट सांगितली. खडूची पूड घे, रंगीत नको. पाणी थोडं थोडं घाल. लगदा चमच्यावरून पडावा पण पडल्यावर त्याची खूण क्षणभर राहावी, इतपत घट्ट. ताट मोठं आणि सपाट तळाचं घे. ओतल्यावर ताट टेबलावर ठेवूनच मागेपुढे हलव, उचलू नकोस. मग सावलीत ठेव आणि हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस. दुसरं ताट तसंच कर, पण ते हलवू नकोस.

"कुठल्या दिशेनं हलवू?" तिनं विचारलं.

"तुला हवी त्या. फक्त ताटाच्या कडेला बाणाची खूण कर, आणि वाळेपर्यंत रोज एकदा बघून पहिली भेग कुठे पडली ते चित्र काढून ठेव. भिंग मी पाठवते."

"ते पितळेचं?"

"तेच," मी म्हटलं, आणि तिचा पत्ता पुन्हा एकदा नीट लिहून घेतला.